प्रवेश परदेशात, हिशेब धानाच्या बांधीत

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती योजनेत 2025-26 या वर्षासाठी 106 विद्यार्थ्यांची निवड झाली. मात्र जुलै 2025 च्या प्रारंभी त्यांपैकी केवळ 40 जणांच्याच हाती तात्पुरती मंजुरीपत्रे पडली. उरलेल्या 66 जणांना निधी उपलब्ध झाल्यास पत्रे दिली जातील, असे कळविण्यात आले. राजधानीच्या दृष्टीने हा खर्चाच्या मंजुरीचा आणि फायलींच्या प्रवासाचा विषय होता. ज्यांनी परदेशी विद्यापीठाचा प्रवेश मिळविला होता, त्यांच्यासाठी मात्र तो व्हिसाचा, विमानाच्या तिकिटाचा आणि वसतिगृहातील खोलीचा प्रश्न होता. सप्टेंबरमध्ये सत्र सुरू होत असेल, तर जुलैमधील प्रत्येक आठवडा मोलाचा असतो.

भंडारा जिल्ह्यात जुलै हा रोवणीचा महिना. वर्षभराच्या मिळकतीचा पाया याच काळात घातला जातो आणि घरात रोख पैसा सर्वांत कमी असतो तोही याच काळात. मजूर, खत आणि ट्रॅक्टर यांवर होता-नव्हता पैसा खर्च झालेला असतो. परदेशी शिक्षणाचे वेळापत्रक आणि धानाचे वेळापत्रक एकमेकांना असे आडवे येतात, ही बाब एकाही शिष्यवृत्तीच्या नियमावलीत विचारात घेतलेली नाही.

वैनगंगेच्या खोऱ्यातील हा जिल्हा 1 मे 1999 रोजी गोंदिया वेगळा झाल्यानंतर सात तालुक्यांचा उरला. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे 12 लाख आणि साक्षरता 84 टक्क्यांच्या आसपास. अनुसूचित जातींची लोकसंख्या साधारण सहावा हिस्सा असून तिच्यात शिक्षणाची परंपरा असलेल्या बौद्ध समाजाचे प्रमाण मोठे आहे. कुणबी, तेली, पोवार, कोष्टी या समाजांतही मुलांना नागपूरला ठेवून शिकविण्याची रीत जुनी आहे. नागपूर जेमतेम 60 किलोमीटरवर. अभियांत्रिकीची पदवी, इंग्रजीच्या परीक्षेची तयारी, परदेशी प्रवेशाचे सल्लागार हे सारे तेथे उपलब्ध आहे. तेव्हा या जिल्ह्यातील मुलांना परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळत नाही, असे मानण्याचे कारण नाही. अडचण सुरू होते ती प्रवेश मिळाल्यानंतर.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ब्रिटनमधील एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे शुल्क साधारण 20 हजार पौंड धरले आणि लंडनबाहेरच्या राहणीमानासाठी व्हिसाच्या नियमांप्रमाणे नऊ महिन्यांची रक्कम त्यात मिळविली, तर आकडा 30 हजार पौंडांपलीकडे, म्हणजे सुमारे 35 लाख रुपयांवर जातो. साधारण धानाची 2025-26 ची आधारभूत किंमत क्विंटलला 2,369 रुपये आहे. म्हणजे सुमारे 1,475 क्विंटल धान. एकरी 16 क्विंटल उतारा पडला असे मानले, तरी एका हंगामात 90 एकरांहून अधिक जमिनीवरचे सगळे पीक विकावे लागेल, आणि त्यातून बियाणे, खत, मजुरीचा एक रुपयाही वजा करता येणार नाही. जिल्ह्यातील बहुतांश खातेदार अल्पभूधारक आहेत, हे लक्षात घेतले की या आकड्याचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

मग उरते ते कर्ज. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही; त्यापुढे मागितले जाते. येथे शेतकरी कुटुंबाची खरी कोंडी होते. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी बँकांना अधिकार देणाऱ्या 2002 च्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. शेतकऱ्याची जमीन बँकेने थेट जप्त करू नये, हा त्यामागील हेतू स्तुत्यच. पण त्याचा परिणाम असा की पाच एकरांचा सातबारा घेऊन शैक्षणिक कर्जासाठी गेलेल्या बापाला बँक शहरातील घर किंवा मुदत ठेव आहे का, असे विचारते. गावठाणातील घराला कित्येक ठिकाणी मालमत्ता पत्रकच नव्हते. ड्रोनने गावठाण मोजून ते देण्याची केंद्राची योजना 2020 मध्ये आली. पत्रक हाती आले तरी गावातील मातीच्या घराची बँकेच्या लेखी किंमत किती, हा प्रश्न राहतोच. ज्याच्यापाशी जमीन आहे तो या बाजारात निर्धन ठरतो आणि बिगरबँक वित्तसंस्थांच्या चढ्या व्याजाकडे वळतो. जमीनच नसलेल्या घरांविषयी तर बोलायलाच नको.

दोन जागांचा जिल्हा

अशा घरांसाठीच शिष्यवृत्त्या आहेत, असे सांगितले जाते. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती 2003 पासून सुरू आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी तिच्या वर्षाला 75 जागा. राज्यात जिल्हे 36. सरासरीने भंडाऱ्याच्या वाट्याला दोन येतात. प्रत्यक्षात वाटप जिल्हानिहाय होत नाही आणि पुणे-मुंबईत राहून माहिती मिळविणारा विद्यार्थी आधी पोहोचतो. इतर मागासवर्गीयांसाठी राज्याने 2018 मध्ये स्वतंत्र योजना आणली तेव्हा तिच्या जागा अवघ्या 10 होत्या. पुढे त्या वाढविण्यात आल्या. केंद्राच्या योजनेत संपूर्ण देशासाठी 125 जागा असून त्यांपैकी 115 अनुसूचित जातींसाठी, 6 विमुक्त व भटक्या जमातींसाठी आणि अवघ्या 4 भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्यासाठी आहेत. पितळेची भांडी घडविणाऱ्या आणि कोशाची वस्त्रे विणणाऱ्या या जिल्ह्याला देशभरासाठीच्या या 4 जागांकडे बघून काय वाटत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

जागांची संख्या हा मुद्दा जुना आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याहून कमी लक्ष जाते ते अटींच्या अस्थैर्याकडे. जून 2024 मध्ये राज्य शासनाने समान धोरणाच्या नावाखाली परदेश शिष्यवृत्तीला दहावीपासून पदवीपर्यंत 75 टक्के गुणांची अट लावली आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी वर्षाला 30 लाख, तर पीएचडीसाठी 40 लाख रुपयांची मर्यादा घातली. अर्जदारांनी परदेशी प्रवेश आधीच मिळविले होते. तीव्र विरोध झाल्यावर काही अटींबाबत शासनाला माघार घ्यावी लागली. परंतु या काही आठवड्यांत ज्यांनी प्रवेश सोडून दिला किंवा अर्जच केला नाही, त्यांची नोंद कोठेही होत नाही. दहावीच्या गुणांची अट तर विशेष आक्षेपार्ह होती. लाखांदूर किंवा मोहाडी तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेतून पुढे आलेल्या आणि नंतर अभियांत्रिकीत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला त्याच्या पंधराव्या वर्षीच्या गुणपत्रिकेवरून परत पाठविण्यात कोणते गुणवत्ताधिष्ठित धोरण आहे, हे समजणे कठीण आहे.

निवड यादीच्या विलंबाबाबतही विद्यार्थी संघटना वर्षानुवर्षे तक्रारी करीत आल्या आहेत. परदेशी सत्र तोंडावर येते, विद्यापीठ ठेव मागते, यादी मात्र लागत नाही. सधन घरातील विद्यार्थी अशा वेळी वडिलांच्या खात्यातून ठेव भरतो आणि पैसे नंतर परत मिळवितो. म्हणजे जी योजना पैसे नसलेल्यांसाठी आहे, तिचा लाभ वेळेवर घ्यायला आधी थोडे पैसे असावे लागतात. यवतमाळ जिल्ह्यात काम उभे करणाऱ्या एकलव्य या संस्थेने आणि तिचे संस्थापक राजू केंद्रे यांनी पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांना अर्ज, निबंध, मुलाखत यांसाठी तयार करण्याची वाट विदर्भात रुळविली. केंद्रे स्वतः ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकले. पण मार्गदर्शन करणारी संस्था शासनाची यादी लवकर लावू शकत नाही.

वीस तास आणि अडीच तास

पैसा कमी पडला तर तिकडे काम करून भागवता येईल, हा समज गावागावांत पक्का आहे. सल्लागारांच्या जाहिरातींनी तो अधिक घट्ट केला आहे. ब्रिटनचेच उदाहरण घेतले तर विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास काम करण्याची मुभा आहे. एप्रिल 2025 पासून तेथील प्रौढ कामगारांचे किमान वेतन तासाला 12.21 पौंड झाले. वीसही तास काम मिळाले, एकही आठवडा चुकला नाही, असे गृहीत धरले तरी महिन्याला सुमारे 1,058 पौंड होतात. आणि त्याच देशाच्या गृह खात्याने नोव्हेंबर 2025 पासून विद्यार्थ्याचा लंडनबाहेरील मासिक राहण्याचा खर्च 1,171 पौंड, तर लंडनमधील 1,529 पौंड धरला आहे. म्हणजे पूर्ण मुभा वापरली तरी जेवण आणि खोलीचे भाडेही सुटत नाही. शुल्क तर दूरच. हा हिशेब ब्रिटन सरकारच्याच आकड्यांवरून होतो. त्यासाठी कोणा तज्ज्ञाची गरज नाही.

शिष्यवृत्तीधारकाची स्थिती याहून चमत्कारिक आहे. केंद्राच्या योजनेत निर्वाह भत्त्याचा कित्येक वर्षे लागू राहिलेला दर ब्रिटनसाठी वर्षाला 9,900 पौंड, तर इतर देशांसाठी 15,400 डॉलर असा होता. ब्रिटनचा आकडा बाराने भागला की महिन्याला 825 पौंड येतात. लंडनमध्ये शिकणाऱ्याला ब्रिटनच्या अंदाजाहून हे निम्म्याच्या थोडे वर. मग उरलेले कोठून आणायचे? योजनेच्या नियमावलीत त्याचेही उत्तर आहे. संशोधन वा अध्यापन साहाय्यक म्हणून वर्षाला 1,560 पौंडांपर्यंत कमाई चालेल. त्याहून अधिक कमावले तर तेवढी रक्कम भत्त्यातून कमी होईल. किमान वेतनाने हिशेब केला तर 1,560 पौंड म्हणजे वर्षाचे 128 तास, आठवड्याला जेमतेम अडीच तास. यजमान देश 20 तासांची परवानगी देतो आणि मायदेशाचा नियम अडीच तासांवर हात धरतो. विद्यार्थ्याने अभ्यासाकडे लक्ष द्यावे, ही त्यामागील अपेक्षा रास्त असली तरी भत्ता अपुरा ठेवून ती बाळगता येत नाही.

जर्मनीचे आकर्षण अलीकडे वाढले ते यामुळेच. तेथील बहुतांश सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही आणि मार्च 2024 पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येते. पण व्हिसापूर्वी वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो बंदिस्त खात्यात ठेवावे लागतात. 2025 च्या उत्तरार्धात युरो शंभर रुपयांपलीकडे गेला. म्हणजे फी नाही म्हणता म्हणता 12 लाख रुपये आधी दाखवावे लागतात. महिन्याला 992 युरो त्यातून परत मिळतात, हे खरे. पण ते आधी जमवायचे कोणी?

बडोद्याचे साडेअकरा पौंड

भंडाऱ्यात हा विषय निघाला की एक जुना संदर्भ टाळता येत नाही. मे 1954 मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. त्या काळी येथे दोन सदस्य निवडले जात. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर विजयी झाले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले. परदेशी विद्यापीठांच्या सर्वोच्च पदव्या मिळविलेला, राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष राहिलेला नेता या जिल्ह्याने नाकारला, याची खंत आजही येथे बोलून दाखविली जाते. योगायोग असा की अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी पाठविण्याची केंद्राची योजना सुरू झाली ती 1954-55 मध्येच.

आंबेडकरांच्या परदेशी शिक्षणाची कथा पदव्यांच्या यादीच्या रूपाने सांगितली जाते. पैशाच्या बाजूने क्वचितच. 1913 मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर संस्थानात दहा वर्षे नोकरीचा करार. 1916 मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये प्रबंध अर्धवट टाकून परतावे लागले. बडोद्यात नोकरी मिळाली, राहायला घर मिळाले नाही. पारशी पथिकाश्रमातून त्यांना बाहेर काढण्यात आले. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पैसे साठविले. त्या बचतीवर, कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या मदतीवर आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेल्या कर्जावर ते 1920 मध्ये पुन्हा लंडनला गेले. 1923 मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली. मधली तीन वर्षे केवळ पैशापायी गेली. लंडनच्या विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परतण्याची सवलत दिली नसती तर पदवीही गेली असती. ज्यांच्या नावे आज राज्याची परदेश शिष्यवृत्ती आहे, त्या शाहू महाराजांची मदत आली ती याच अडलेल्या वेळी. मदतीच्या रकमेइतकेच तिच्या वेळेचे महत्त्व होते, हे त्या योजनेच्या चालकांनी तरी विसरावयास नको होते.

नियम बदलतात, रांग तीच

या रांगेत भारतीय एकटे नाहीत. पाकिस्तानी पंजाबातील शेतकरी घरातला विद्यार्थी याच हिशेबात अडकलेला असतो. तेथील उच्च शिक्षण आयोगाच्या शिष्यवृत्तीवर जाणाऱ्यालाही परत येऊन नोकरी करण्याचे बंधपत्र लिहून द्यावे लागते. दिल्ली आणि इस्लामाबाद यांच्यात बोलणी असोत वा नसोत, परदेशी दूतावासांच्या लेखी हे दोघे बहुधा एकाच गठ्ठ्यातले अर्जदार ठरतात. कॅनडाची विद्यार्थ्यांसाठीची जलद व्हिसा योजना ज्या मोजक्या देशांना खुली होती त्यांत भारतही होता आणि पाकिस्तानही. 8 नोव्हेंबर 2024 रोजी ती दोघांसाठी एकाच दिवशी बंद झाली. ब्रिटनने 2025 मध्ये विद्यापीठांना व्हिसा नकाराचे प्रमाण 5 टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन घातले. त्यानंतर डिसेंबर 2025 मध्ये काही विद्यापीठांनी पाकिस्तान आणि बांगलादेशातील विद्यार्थ्यांची भरती थांबविल्याचे किंवा आवळल्याचे वृत्त आले. प्रामाणिक अर्जदाराला दुसऱ्याच्या नकाराची किंमत मोजावी लागते, ही त्यातील अन्यायाची बाजू. आज ती लाहोरच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आली म्हणून नागपूर-भंडाऱ्याच्या विद्यार्थ्याने निश्चिंत राहावे, अशी स्थिती नाही.

शिक्षणानंतर काम करून कर्ज फेडण्याचा मार्गही अरुंद होत आहे. ब्रिटनमध्ये पदवीनंतर राहण्याची दोन वर्षांची मुदत 1 जानेवारी 2027 पासूनच्या अर्जांसाठी 18 महिन्यांवर येणार असल्याचे जाहीर झाले आहे; पीएचडीधारकांना मात्र तीन वर्षे कायम. अमेरिकेने सप्टेंबर 2025 मध्ये एच-1बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादले. महिन्याभराने, अमेरिकेतच शिकून प्रकार बदलणाऱ्यांना ते लागू नसल्याचा खुलासा करण्यात आला. या महिन्याभरात कर्ज काढून गेलेल्या किती घरांची झोप उडाली असेल! कर्जाची मुदत दहा-पंधरा वर्षांची असते आणि यजमान देशाचे नियम दोन वर्षेही टिकत नाहीत. बँक तारण मागते ते याच अनिश्चिततेपोटी, आणि तिचा भार उचलतो तो गावातील बाप.

वैद्यकीय शिक्षणासाठी बाहेर जाणाऱ्यांचा प्रकार वेगळा आहे. नीटमध्ये सरकारी जागेपुरते गुण मिळाले नाहीत आणि खासगी महाविद्यालयाचे शुल्क परवडले नाही, की युक्रेन, रशिया, किर्गिझस्तान यांचा विचार होतो. युक्रेनमधील युद्धाने 2022 मध्ये यातील धोका उघड केला. ‘ऑपरेशन गंगा’तून सुमारे 22,500 भारतीय परत आणले गेले, त्यांत बहुसंख्य विद्यार्थी होते. त्या धामधुमीत एका पाकिस्तानी विद्यार्थिनीने भारतीय दूतावासाचे आभार मानल्याची चित्रफीतही दोन्ही देशांत पाहिली गेली. मे 2024 मध्ये बिश्केकमध्ये जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले, तेव्हा भारत आणि पाकिस्तान या दोघांच्याही दूतावासांनी आपापल्या विद्यार्थ्यांना खोलीबाहेर न पडण्याची सूचना केली. पदवी घेऊन परतल्यावरही वाट सोपी नाही. परदेशी वैद्यकीय पदवीधरांच्या जून 2025 मधील परीक्षेत पाचांत एकही उत्तीर्ण झाला नाही. निकाल 19 टक्क्यांखाली राहिला. या पार्श्वभूमीवर भंडाऱ्यात 2024-25 पासून शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही या जिल्ह्यापुरती परदेशी शिष्यवृत्तीहूनही मोठी घटना मानावी लागेल.

परतण्याचा प्रश्न राहतोच. शासकीय पैशाने शिकलेल्याने मायदेशी यावे, अशी अपेक्षा ठेवली जाते आणि ती गैरही नाही. बडोदा संस्थानाने दहा वर्षांचा करार करून घेतला तेव्हा निदान नोकरी देऊ केली होती. आजच्या बंधपत्रात परतीची अट आहे, कामाची हमी नाही. भंडाऱ्यात परतलेल्या अभियंत्याने किंवा संशोधकाने कोठे जावे? जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना, गडेगावचा अशोक लेलँड, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी, तुमसर परिसरातील भातगिरण्या. यादी फार लांबत नाही. साकोली तालुक्यातील मुंडीपार येथे भेल कंपनीच्या सौरऊर्जा साहित्य प्रकल्पाचे भूमिपूजन 2013 मध्ये झाले होते. त्या वर्षी दहावीत असलेली मुले एव्हाना पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून बसली. कारखाना मात्र उभा राहिला नाही.